मापाची सायकल, पोलादाची फ्रेम : ऑर्डर देताना आणि घेताना काय पाहावे?

सायकल म्हणजे साध्या माणसाचे वाहन. दुकानात जायचे, उंची पाहून बावीस इंची की चोवीस इंची ते ठरवायचे, थोडी घासाघीस करायची आणि सायकल चालवत घरी आणायची, अशी आपल्याकडची जुनी रीत. सायकल मापाने बनवून घेता येते, तिच्या प्रत्येक नळीची लांबी, जाडी आणि कोन गिऱ्हाइकाच्या अंगाप्रमाणे ठरवता येतो, ही गोष्ट अनेकांना नवलाची वाटेल. पण कापडाच्या धंद्यात तयार कपडा आणि शिवलेला कपडा असे दोन बाजार शेजारी शेजारी चालतात, तसेच हेही आहे. इंग्लंड, इटली, फ्रान्स, जपान आणि अमेरिकेत एकदोन माणसांच्या छोट्या कारखान्यांत आजही पोलादी फ्रेम हाताने जोडल्या जातात आणि त्यांना गिऱ्हाईक आहे.

आपल्याकडे या मालाला मागणी येण्याचे कारण लांब पल्ल्याची सायकलस्वारी. पुणे, मुंबई, नाशिक यांसारख्या शहरांतून २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या वेळेच्या बंधनातील फेऱ्या होतात. फ्रान्समधील पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १८९१ साली सुरू झालेली आणि आता दर चार वर्षांनी होणारी सुमारे १२०० किलोमीटरची फेरी पूर्ण करायला जास्तीत जास्त ९० तास मिळतात. २०१९ आणि २०२३ साली तिथे भारतातूनही स्वार गेले होते. इतका वेळ खोगिरावर बसणाऱ्या माणसाला दोन सेंटिमीटरची चूकही सोसत नाही. म्हणून हा विषय आम्ही व्यापार-उद्योगाच्या पानावर घेतला आहे. सायकलचे दुकानदार, फॅब्रिकेशनचे कारागीर आणि स्वतःसाठी फ्रेम बनवून घेऊ इच्छिणारे वाचक, तिघांच्याही उपयोगाची ही माहिती आहे.

खिळ्यांच्या कारखान्यातून आलेली नळी

या धंद्याचा पाया नळीवर आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे रेनॉल्ड्स घराण्याचा खिळे बनवण्याचा कारखाना होता. त्या घराण्यातील आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ साली एक युक्ती पेटंट केली. नळीच्या दोन्ही टोकांना, जिथे जोड येतो तिथे, भिंत जाड ठेवायची आणि मधल्या भागात आतून पातळ करायची. बाहेरून नळी एकसारखीच दिसते. अशा नळीला ‘बटेड’ नळी म्हणतात. पुढे १९३५ साली याच कंपनीची मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची ‘५३१’ नळी आली आणि कित्येक दशके उत्तम सायकलची ती खूण ठरली. जग्वार कंपनीच्या ई-टाइप मोटारीच्या पुढच्या सांगाड्यालाही हीच नळी वापरली गेली होती. इटलीत मिलान येथे आंजेलो लुइजी कोलंबो यांनी १९१९ साली सुरू केलेल्या कारखान्यातून ‘कोलंबस’ नळ्या आल्या. या दोन्ही नावांच्या नळ्या आजही मिळतात.

या इतिहासाचा एक धागा आपल्या देशाशीही जुळतो. रेनॉल्ड्स ज्या ‘ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स’ या ब्रिटिश समूहात १९२८ साली सामील झाली, त्याच समूहाच्या सहकार्याने १९४९ साली मद्रासमध्ये टीआय सायकल्स ही कंपनी उभी राहिली. हर्क्युलस आणि बीएसए ही नावे आपल्या घराघरांत पोचली ती तिथून.

पहिला प्रश्न : सायकल कशासाठी?

फ्रेमची ऑर्डर देणारा बहुतेक वेळा रंगापासून सुरुवात करतो. जाणता कारागीर त्याला थांबवून विचारतो, ‘सायकल न्यायची कुठे? सामान किती? टायर किती जाड? रस्ता कसा?’ या चार उत्तरांवर बाकीचे सगळे अवलंबून आहे. नुसती वेगाची सायकल हवी असेल तर मागचा त्रिकोण आखूड आणि टायर बारीक चालतात. कॅरिअरवर दोन पिशव्या टांगून कोकणात उतरायचे असेल तर मागचा त्रिकोण लांब हवा, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला टाच पिशवीवर आपटते. शर्यतीच्या सायकलला चेनस्टे, म्हणजे पायडलच्या धुरापासून मागच्या धुरापर्यंतची नळी, ४१० मि.मी.च्या आसपास असते. सामान वाहणाऱ्या सायकलला ती ४४० ते ४६० मि.मी. ठेवतात.

‘सगळ्या कामाला चालेल अशी एकच बनवा’ असे सांगणारे गिऱ्हाईक पुढे सर्वांत जास्त कुरकुर करते, हे दर्जीही सांगेल आणि सुतारही सांगेल. कारागिराने मुख्य काम कोणते ते ठरवून घ्यावे आणि कागदावर पहिल्या ओळीत तेच लिहावे.

माप कसे घ्यावे

अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे. दोन पायांच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचे पुस्तक वरपर्यंत घट्ट धरून त्याच्या वरच्या कडेची खूण भिंतीवर करावी. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचे अंतर म्हणजे पायाचे माप. या मापाला ०.८८३ ने गुणले की पायडलच्या धुराच्या मध्यापासून खोगिराच्या माथ्यापर्यंतची उंची अंदाजे मिळते. पाय ८० सें.मी. असेल तर खोगीर सुमारे ७०.६ सें.मी.वर येईल. हा फक्त आरंभीचा आकडा आहे, शेवटचा नव्हे. हात, धड आणि खांद्यांची रुंदी हीही मापे घ्यावीत.

मात्र अंगाच्या मापापेक्षा जास्त विश्वासाचे माप म्हणजे गिऱ्हाईक आज जी सायकल आरामात चालवते तिचे. ती सायकल भिंतीला टेकवून सरळ उभी करावी. गवंडी वापरतो तो ओळंबा खोगिराच्या टोकावरून सोडावा आणि पायडलच्या धुरापासून तो किती मागे पडतो ते मोजावे. खोगिराची उंची, खोगिराच्या टोकापासून हँडलचे अंतर आणि खोगिरापेक्षा हँडल किती खाली वा वर आहे, ही आणखी तीन मापे घ्यावीत. मग विचारावे : कुठे दुखते? मानेत, मनगटात, की गुडघ्यात? हँडल किती जवळ हवे आणि किती वर हवे, हे या उत्तरांतून कळते.

सीटच्या नळीचा कोन बहुधा ७२ ते ७४ अंश असतो. खोगीर ७० सें.मी. उंच असताना हा कोन एका अंशाने बदलला तर खोगीर सुमारे १२ मि.मी. पुढेमागे सरकते. म्हणजे ज्याच्या मांडीचे हाड लांब त्याला कोन थोडा कमी हवा. तयार सायकलीत ही सोय नसते. मापाच्या फ्रेमचा खरा फायदा इथेच आहे.

बुटक्या गिऱ्हाइकाबाबत एक विशेष सूचना. फ्रेम लहान झाली आणि चाक मोठेच राहिले तर वळताना बूट पुढच्या चाकाला लागतो. अशा वेळी ६२२ मि.मी. रिमच्या ७०० सी चाकाऐवजी ५८४ किंवा ५५९ मि.मी. रिमचे चाक घ्यावे. ५५९ म्हणजे आपली नेहमीची २६ इंची माउंटन सायकलची रिम. तिचे टायर-ट्यूब तालुक्याच्या गावीही मिळतात, हा आणखी एक फायदा.

पोलाद कोणते?

येथे बाजारात बराच गैरसमज आहे. ‘भारी पोलाद म्हणजे कडक फ्रेम’ असे विक्रेते सांगतात. वस्तुस्थिती अशी की पोलाद साधे असो वा मिश्रधातूचे, त्याची लवण्याची प्रवृत्ती जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो तुटण्याला किंवा कायमचे वाकण्याला ते किती दाद देते यात. भारी पोलाद जास्त ताण सोसते, म्हणून त्याची भिंत पातळ ठेवता येते आणि म्हणून फ्रेम हलकी होते. फ्रेम कडक की लवचीक, हे ठरते नळीच्या व्यासावर आणि भिंतीच्या जाडीवर.

हिशेब सोपा आहे. पातळ नळीचा कडकपणा व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतो. जुन्या मापाची खालची तिरकी नळी २८.६ मि.मी. व्यासाची, नव्या मापाची ३१.८ मि.मी.ची. भिंत तीच ठेवली तरी कडकपणा एक तृतीयांशाहून अधिक वाढतो. वजनाचेही तसेच. २८.६ मि.मी. व्यासाची, ६०० मि.मी. लांबीची नळी सरसकट ०.९ मि.मी. भिंतीची असेल तर तिचे वजन सुमारे ३७० ग्रॅम भरते. तीच ०.६ मि.मी. भिंतीची केली तर सुमारे २५० ग्रॅम. बटेड नळीत टोके ०.९ आणि मध्य ०.६, म्हणून वजन या दोहोंच्या मध्ये येते आणि जोडापाशी बळ राहते.

तेव्हा ५५ किलो वजनाच्या, सामान न नेणाऱ्या स्वाराला जाड आणि मोठ्या व्यासाच्या नळ्या दिल्या तर सायकल टणक होते आणि खड्डा थेट पाठीत जातो. ९५ किलोच्या स्वाराला, वर १५ किलो सामान असताना, बारीक नळ्या दिल्या तर उतारावर सायकल डोलू लागते. दोघांनाही एकाच कंपनीचे एकच पोलाद चालेल. नळीची मापे मात्र वेगळी हवीत. कारागिराने गिऱ्हाइकाचे वजन विचारायला संकोच करू नये.

क्रोमियम-मॉलिब्डेनमचे ‘४१३०’ पोलाद हा या धंद्यातील भरवशाचा माल आहे. रेनॉल्ड्सची ‘८५३’ ही नळी वेल्डिंगनंतर हवेत थंड होताना जोडापाशी आपले बळ राखते, म्हणून ती टिग वेल्डिंगला सोयीची. पण विजेच्या कामाचा कंड्युट पाइप, फर्निचरचा पाइप किंवा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप सायकलच्या फ्रेमला कधीही वापरू नये. त्यांचे बळ ठाऊक नसते आणि जस्त तापले की निघणारा धूर अंगात ताप आणतो.

जोड कसा हवा?

फ्रेमचे जोड तीन प्रकारचे. पहिला लगचा जोड. लग म्हणजे नळ्यांवर चढवायची पोलादी खोळ. तिच्यात नळी बसवून फटीत पितळ किंवा चांदीच्या मिश्रधातूचा झाळ ओढून घेतात. दुसरा, लग न वापरता नळीला नळी भिडवून कडेने पितळेचा गोलसर भराव देणे. याला फिलेट म्हणतात. तिसरा टिग वेल्डिंग.

यात उष्णतेचा फरक मोठा आहे. चांदीचा झाळ साधारण ६५० अंशांवर वितळतो, पितळ ९०० अंशांच्या आसपास आणि टिगमध्ये खुद्द पोलादच वितळवले जाते. चांदीला कमी उष्णता लागते, पण फट अगदी बारीक आणि एकसारखी असावी लागते. पितळ थोडी जास्त फट भरून काढते. लगमुळे कोनांवर मर्यादा येते, कारण खोळ ठरावीक कोनाची असते. फिलेट आणि टिगमध्ये कोन हवा तो ठेवता येतो. टिगला वेळ कमी लागतो, म्हणून मजुरी कमी. फिलेटला कानस आणि पॉलिश पेपरचे तासन्‌तास लागतात, म्हणून ती महाग.

टिकाऊपणात तिन्ही प्रकार नीट केले तर सारखेच भरवशाचे आहेत. गिऱ्हाइकाने अमुकच जोड हवा असा हट्ट धरण्यापेक्षा कारागिराचा हात कोणत्या जोडावर बसला आहे ते पाहावे आणि तोच घ्यावा. दुरुस्तीचा विचार केला तर लगच्या जोडातील खराब नळी तापवून काढता येते आणि नवी बसवता येते, हा त्याचा गुण.

कारागीर बंधूंना येथे कळकळीने सांगावेसे वाटते. चांदीच्या झाळाच्या काही सळ्यांमध्ये कॅडमियम असते. तापल्यावर निघणारा त्याचा धूर प्राणघातक ठरू शकतो आणि त्रास काही तासांनी उशिरा जाणवतो. सळी घेताना ‘कॅडमियमविरहित’ असे लिहिलेलीच घ्यावी. फ्लक्सच्या धुरातही फ्लोराइड असते, तेव्हा खिडकी उघडी आणि पंखा बाहेर हवा फेकणारा हवा. आणखी एक : नळीला हवा जायला भोक ठेवल्याशिवाय ती दोन्ही बाजूंनी बंद करून तापवू नये. आतली हवा फुगते आणि झाळ बाहेर फेकला जातो.

पुढचा चिमटा आणि ट्रेलचे गणित

सायकल सरळ चालते की भरकटते, हे पुढच्या भागावर ठरते. हेड ट्यूबची रेषा खाली वाढवत नेली तर ती जमिनीला जिथे टेकेल, त्याच्या थोडे मागे चाक जमिनीला टेकते. या दोन बिंदूंतील अंतराला ट्रेल म्हणतात. तीन गोष्टी हे अंतर ठरवतात : हेड ट्यूबचा कोन, पुढच्या चिमट्याचा म्हणजे फोर्कचा बाक आणि चाकाची त्रिज्या.

उदाहरण घेऊ. कोन ७२ अंश, ७०० सी चाकावर ३२ मि.मी. टायर, म्हणजे त्रिज्या सुमारे ३४३ मि.मी. फोर्कचा बाक ४५ मि.मी. ठेवला तर ट्रेल सुमारे ६४ मि.मी. येतो. बाक ५० केला तर ५९, आणि ६५ केला तर अवघा ४३. ट्रेल ६० च्या आसपास असेल तर रिकामी सायकल उतारावर स्थिर राहते. पण हँडलवर जड पिशवी टांगली की तीच सायकल वळायला जड वाटते. पॅरिसचे रेने हर्स आणि अ‍ॅलेक्स सिंगर यांच्यासारखे जुने कारागीर हँडलवरच्या पिशवीसाठी सायकल बनवताना ट्रेल मुद्दाम कमी ठेवत. म्हणून सामान पुढे की मागे, हे ऑर्डरच्या वेळीच ठरले पाहिजे. नंतर कोन बदलता येत नाही.

फ्रेम तडकली तर बहुधा आधी आवाज येतो, रंगाला भेग दिसते. पुढचा चिमटा तुटला तर खंबाटकीच्या किंवा कसाऱ्याच्या उतारावर स्वाराला सावरायला क्षणही मिळत नाही. नवख्या कारागिराने म्हणून सुरुवातीला फोर्क स्वतः बनवू नये. आंतरराष्ट्रीय ‘आयएसओ ४२१०’ या सुरक्षा-मानकाप्रमाणे तपासलेला तयार फोर्क विकत घ्यावा आणि फ्रेमचे कोन त्याच्या मापाला धरून आखावेत. यात कमीपणा काही नाही.

ब्रेक, टायर आणि मोकळी जागा

ब्रेकचा प्रकार आधी ठरवावा. रिमवर दाबणारा ब्रेक हवा असेल तर त्याची पोच किती हे पाहून नळ्यांची जागा ठरते. लहान पोचेचा ब्रेक साधारण ३९ ते ४९ मि.मी., मध्यम पोचेचा ४७ ते ५७ मि.मी. लहान पोच घेतली की जाड टायर आणि मडगार्ड दोन्ही एकत्र बसत नाहीत. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो, मडगार्ड ही चैन नव्हे.

डिस्क ब्रेक घेतला तर टायरची अडचण सुटते. पण त्याचा सगळा जोर फोर्कच्या डाव्या पायावर आणि मागच्या डाव्या त्रिकोणावर येतो. त्या नळ्या जाड हव्यात. रिम ब्रेकसाठी बनलेल्या जुन्या, पातळ फोर्कवर नंतर डिस्कचा कान वेल्ड करून देण्याची मागणी गिऱ्हाईक करते. ते काम स्पष्ट नाकारावे.

टायर किती जाड, हे लिहिताना टायर आणि नळी यांच्यात दोन्ही बाजूंना निदान ५-६ मि.मी. मोकळी जागा राहील असे पाहावे. चाक थोडे लचकले किंवा चिखल अडकला तरी फिरत राहिले पाहिजे.

सुट्या भागांची मापे : जे बाजारात मिळेल तेच

फ्रेम वीस-तीस वर्षे टिकते. बेअरिंग, चाके, चेन तेवढी टिकत नाहीत. म्हणून फ्रेमवर असे माप ठेवावे की त्याचा सुटा भाग पुढेही सहज मिळेल. पायडलच्या धुरासाठी ६८ मि.मी. रुंदीची, इंग्रजी आट्यांची खोळ ही सर्वांत सुरक्षित निवड. तिच्या उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, त्यामुळे चालवताना कप ढिला होत नाही. सीटची दांडी २७.२ मि.मी., हँडलची दांडी २८.६ मि.मी. असे लिहावे. मागच्या धुराची रुंदी १३० की १३५ की १४२ मि.मी., हे चाक आधी ठरवून मग ठरवावे. गिऱ्हाइकाने चाके, क्रँक आणि ब्रेक आधीच आणून दिले तर कारागिराने ते हातात घेऊन मोजावेत. कॅटलॉगवर विसंबू नये.

गिअर एकच ठेवायचा असेल तर चेन ताणता यावी म्हणून मागे आडव्या खाचेचे ड्रॉपआउट लागतात. गिअर बदलायचे असतील तर उभी खाच चांगली, चाक सरकत नाही. डिरेलरचा कान पोलादी असेल तर वाकल्यावर सरळ करता येतो, हा पोलादाचा आणखी एक गुण.

बारीक सारीक, पण रंगाआधी

बाटलीचे, कॅरिअरचे, मडगार्डचे, केबलचे सगळे कान आणि नट रंग देण्यापूर्वी झाळावे लागतात. नंतर एक नट वाढवायचा तर रंग जळतो आणि पुन्हा रंगाचा खर्च येतो. बाटलीच्या दोन नटांमधील अंतर ६४ मि.मी. आणि आटे पाच मि.मी.चे, हे जगभर एकच माप आहे. आपल्या उन्हाळ्यात दोन बाटल्या पुरत नाहीत. तिसरीची जागा तिरक्या नळीच्या खाली ठेवून घ्यावी. मागच्या कॅरिअरचा आणि मडगार्डचा कान वेगवेगळा असावा. दोन्ही एकाच बोल्टवर टांगले की बोल्ट सैल होतो. डायनॅमोचा दिवा लावणार असाल तर वायर कुठून जाईल ते आखून घ्यावे. केबल नळीच्या आतून नेली तर दिसायला नीटस, पण पाणी आत जाते आणि दुरुस्तीला वेळ लागतो. लांबच्या प्रवासाला बाहेरची केबल बरी.

गंज आणि रंग

पोलादाचा शत्रू गंज. तो बहुधा आतून येतो. झाळकाम झाल्यावर फ्लक्सचा काचेसारखा थर गरम पाण्यात भिजवून पूर्ण काढला पाहिजे. थर राहिला तर रंगाखाली गंज धरतो. पायडलच्या खोळीला तळाशी पाणी निथळायला भोक ठेवावे. रंगानंतर नळ्यांच्या आत जवसाचे उकळलेले तेल किंवा गंजरोधक मेण फिरवावे. रत्नागिरी, रायगड, मुंबईच्या खाऱ्या हवेत हे दर वर्षी करणे इष्ट. पावडर कोटिंगची भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची असते, तिने झाळाला धोका नाही. क्रोमचा मुलामा मात्र विचार करूनच द्यावा. त्यातील आम्ल नळीत शिरून राहिले तर पोलाद आतून खाते, आणि भारी पोलाद मुलाम्याच्या प्रक्रियेत ठिसूळ होण्याचाही धोका असतो.

माल ताब्यात घेताना

रंगापूर्वी फ्रेम पाहायला जाण्याचा हक्क गिऱ्हाइकाने मागून घ्यावा. चांगला कारागीर स्वतःच बोलावतो. एक दोरा घ्यावा. मागच्या एका ड्रॉपआउटपासून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणावा. सीटच्या नळीपासून दोऱ्याचे अंतर दोन्ही बाजूंना सारखे भरले पाहिजे. एक मि.मी.पेक्षा जास्त फरक दिसला तर विचारावे. मग चाक बसवून पाहावे, उलटे बसवूनही पाहावे. दोन्ही वेळा ते मध्यावरच यायला हवे.

कागद आणि पैसा

आमच्या मते या धंद्यात सर्वांत जास्त भांडणे झाळाच्या दोषाने होत नाहीत, तोंडी बोलण्याने होतात. म्हणून एका कागदावर फ्रेमचे चित्र, प्रत्येक नळीची लांबी, कोन, नळीचे नाव आणि भिंतीची जाडी, जोडाचा प्रकार, ब्रेक, टायरचे माप, सगळे कान-नट, रंग, मुदत आणि किंमत लिहावी. दोन प्रती कराव्यात, दोघांनी सह्या कराव्यात. सहीनंतर बदल झाला तर त्याची किंमत आणि वाढलेली मुदत त्याच कागदावर लिहावी. जोडाची हमी किती वर्षांची, अपघातातील मोडतोड तिच्यात येते की नाही, हेही लिहावे. बिल पक्के घ्यावे आणि द्यावे.

आगाऊ रकमेबाबत कारागिरांनी विशेष सावध राहावे. मापाच्या मालात मुदत लांबते. नामांकित कारागिरांकडे तर प्रतीक्षायादी वर्षांची असते. अशा वेळी नव्या गिऱ्हाइकाच्या आगाऊ रकमेतून जुन्या गिऱ्हाइकाच्या नळ्या आणण्याचा मोह होतो. पहिल्या वर्षी हे निभावते. ऑर्डर मंदावल्या की एकाएकी दहा गिऱ्हाइकांचे पैसे देणे आणि हातात एकही फ्रेम नाही, अशी पाळी येते. हुनर चांगला असूनही दुकान बंद पडते ते यामुळे. आगाऊ रक्कम ही कमाई नव्हे, ती अमानत आहे. नळ्या आणि लग यांच्या किमतीपुरतीच ती घ्यावी, त्याच ऑर्डरवर खर्च करावी आणि मजुरी काम झाल्यावर घ्यावी. गिऱ्हाइकानेही पूर्ण रक्कम आधी देऊ नये.

जपानचा एक दाखला येथे देण्यासारखा आहे. तिथे १९४८ साली कोकुरा येथे ‘केरिन’ या सायकल शर्यती सुरू झाल्या. पुरुषांच्या नेहमीच्या शर्यतींत स्वारांना पोलादी फ्रेमच वापरावी लागते आणि ती मान्यताप्राप्त कारागिराचीच असावी लागते. या एका नियमामुळे तिथल्या अनेक छोट्या कारखान्यांना हाताचे काम टिकवून ठेवता आले. आपल्याकडे असा नियम नाही, तेव्हा आपल्या कारागिराला बाजार स्वतःच उभा करावा लागेल.

त्याचा मार्गही आहे. आधी कॅरिअर बनवावेत. जुन्या पोलादी फ्रेमवर बाटलीचे नट, मडगार्डचे कान झाळून द्यावेत. वाकलेले ड्रॉपआउट सरळ करावेत. ही कामे लहान आहेत, भांडवल थोडे लागते आणि लांब पल्ल्याचे स्वार त्यामुळे दुकानात येऊ लागतात. नंतर निकामी नळ्यांवर जोड करून ते करवतीने उभे कापावेत आणि झाळ आतपर्यंत पोचला की नाही ते पाहावे. दहा कापलेल्या जोडांत दहाही भरलेले दिसू लागले की पहिली फ्रेम करावी. ती स्वतःसाठी करावी, वर्षभर खड्ड्यांतून आणि पावसातून चालवावी, आणि मगच दुसऱ्याच्या मापाची ऑर्डर वहीत लिहावी.